‘विटाळ’ म्हणजे ‘टॅबू’ नव्हे

एका फौजदारी अपिलाचे पेपरबुक वाचीत असता एका शब्दापाशी मला थांबावे लागले. खालच्या न्यायालयात एका वृद्ध बौद्ध बाईची साक्ष झालेली होती. गावच्या सार्वजनिक विहिरीवर तिच्या सुनेची भरलेली घागर ढकलून देण्यात आली, त्या प्रसंगाविषयी ती सांगत होती. मराठी साक्षीत तिचे वाक्य असे आहे : ‘तिथं आमचा विटाळ धरत्यात.’ अपील उच्च न्यायालयापुढे जावयाचे म्हणून या साक्षीचे इंग्रजी भाषांतर झाले. त्या भाषांतरातील वाक्य पुन्हा मराठीत आणले तर ते असे होते : ‘त्या ठिकाणी टॅबू आहे.’

बाईच्या वाक्यात शब्द चारच आहेत. पण त्या चार शब्दांत विटाळ धरणारे आहेत आणि ज्यांचा धरला जातो तेही आहेत. भाषांतरात दोघेही नाहीसे झाले. घागर ढकलणारे हात गेले आणि जिची घागर गेली ती माणसेही गेली. उरली ती विहिरीवर धुक्यासारखी तरंगणारी एक चालरीत, जिचा कोणी कर्ता नाही व कोणी बळीही नाही. आरोपींच्या वकिलांनी आपल्या लेखी युक्तिवादात या शब्दाचा अर्थातच लाभ घेतला. टॅबू प्रत्येक समाजात असतात, ती संस्कृतीची गोष्ट आहे, त्यात गुन्ह्याचा हेतू कोठून आणावयाचा, असा त्यांचा रोख आहे. व्यवसायबंधूंना मी दोष देत नाही. पक्षकारासाठी हाती येईल तो शब्द वापरणे हे त्यांचे कामच आहे. मी फिर्यादीच्या बाजूने उभा आहे आणि प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, म्हणून त्याविषयी अधिक लिहिणे उचित नव्हे. परंतु त्या शब्दाविषयी लिहिण्यास कोणतीही आडकाठी नाही.

‘टॅबू’ हा शब्द आता मराठीतही रुळला आहे. लैंगिक शिक्षण, मासिक पाळी, मनोविकार यांविषयी लिहिताना वृत्तपत्रांत तो सर्रास येतो. ज्याविषयी चारचौघांत बोलू नये असा संकेत आहे, एवढाच त्याचा अर्थ लेखकाच्या मनात असतो. तेथे माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती हा शब्द अस्पृश्यतेवर पांघरूण म्हणून घातला जातो त्याविषयी. हे पांघरूण घालणारे पुष्कळदा आपले हितचिंतकच असतात. परदेशच्या वाचकास चटकन उमगावे, ऐकणाऱ्यास फार टोचू नये, अशी त्यांची समजूत असते. अशा वेळी हा शब्द मुळात कोठला, तेथे त्याचा व्यवहार कसा चाले व तो तेथून कसा उठला, हे पाहिले पाहिजे.

इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक आपल्या तिसऱ्या सफरीत १७७७ साली प्रशांत महासागरातील टोंगा बेटांवर उतरला. तेथील लोक काही पदार्थ खाण्यास, काही ठिकाणी बसण्यास नकार देत आणि कारण विचारता ‘टाबू’ एवढेच म्हणत. कुकने हे टिपून ठेवले. १७८४ साली त्या सफरीचा वृत्तांत छापून निघाला आणि शब्द युरोपभर झाला. माओरी लोक ‘तापु’ म्हणतात, हवाई बेटांवर ‘कापु’ म्हणत. पुढे १८८८ साली फ्रेझरने एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात त्यावर लेख लिहिला व १९१३ साली फ्रॉइडने ग्रंथच लिहिला. या विषयावर अत्यंत सावधपणे विचार करणारा एक अभ्यासक म्हणजे प्रागचा ज्यू फ्रान्झ स्टायनर. त्याचे आईबाप नाझींनी मारले. ऑक्सफर्ड येथे दिलेली त्याची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १९५६ साली, म्हणजे आपल्या दीक्षेच्याच वर्षी, पुस्तकरूपाने निघाली. ‘पवित्र’ व ‘निषिद्ध’ हे या शब्दाचे दोन तुकडे युरोपियनांनी पाडले, तेथल्या माणसाच्या लेखी तो एकच अर्थ होता, हे त्याने दाखविले.

हा मुद्दा नीट लक्षात घ्यावा. पॉलिनेशियात तापु वरून खाली येतो. सरदाराचे अंग तापु, त्याने स्पर्श केलेली वस्तू तापु, म्हणून सामान्य माणसाने तिला हात लावावयाचा नाही. हवाईत सामान्य माणसाची सावली सरदारावर पडली तर त्यास मरणाची शिक्षा होती. सावलीचे नाव काढताच आपल्या वाचकांस पेशवाईतील पुणे आठवल्यावाचून राहणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या ‘जातिनिर्मूलना’च्या प्रबंधात त्या सावलीची, गळ्यातील मडक्याची व कमरेच्या झाडूची नोंद केलेली आहे. दोन्हीकडे सावलीच, आणि दोन्हीकडे भोगणारा खालचाच. तरीही भेद मूलभूत आहे. हवाईत सावली वर्ज्य झाली ती सरदार पवित्र मानला गेला म्हणून. पुण्यात ती वर्ज्य झाली ती जिची सावली तो माणूसच अपवित्र ठरविला गेला म्हणून. हवाईतील रयतेच्या माणसाला सरदाराच्या वाटेतून दूर होऊन आपल्या घरी, आपल्या लोकांत निर्भयपणे राहता येई. आपल्या पूर्वजांना स्वतःच्या अंगापासून दूर कोठे जाता येणार होते?

दुसरी गोष्ट अशी की, त्या भाषांत ‘तापु’ला जोडीचा शब्द आहे, तो म्हणजे ‘नोआ’. नोआ म्हणजे मोकळे, सर्वांस खुले. एखादी वस्तू, जागा किंवा ऋतू काही काळ तापु असे व नंतर विधिपूर्वक नोआ करण्यात येई. निषेधाच्या पोटातच त्याच्या सुटकेची तरतूद होती. आणि एके दिवशी सबंध व्यवस्थाच नोआ झाली. हवाईत स्त्रीपुरुषांनी एका पंक्तीस जेवावयाचे नाही, स्त्रियांनी डुकराचे मांस, केळी व नारळ खावयाचे नाहीत, असा कडक कापु होता. राजा पहिला कामेहामेहा मे १८१९ मध्ये वारला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचा मुलगा लिहोलिहो सर्वांदेखत स्त्रियांच्या पंक्तीत जाऊन बसला व जेवला. त्यास यासाठी प्रवृत्त करणाऱ्या दोन स्त्रिया होत्या, एक त्याची आई केओपुओलानी आणि दुसरी वडिलांची राणी काआहुमानू. लोकांनी पाहिले की राजा जेवला आणि आकाश कोसळले नाही. देवळे मोडण्याचे हुकूम सुटले. डिसेंबरात जुन्या धर्माच्या बाजूने एक चुलतभाऊ लढाईस उभा राहिला व मारला गेला. ख्रिस्ती मिशनरी तेथे पोहोचले ते त्यानंतर, १८२० साली. सरदारांची सत्ता काही त्या जेवणाने गेली नाही हे खरे, पण निषेध गेला.

आता आपल्याकडील अशाच एका दिवसाकडे या. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले व हजारोंनी त्यांचे अनुकरण केले. तळे कायद्याने खुले होते. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झालेला होता व महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून ठराव केलेला होता. म्हणजे सरकारने व नगरपालिकेने तळे ‘नोआ’ केलेले होते! झाले काय? परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली आणि एकशेआठ घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून तळे शुद्ध करण्यात आले. हवाईत एका राजाने घास घेतला आणि पुरले. येथे कायदेमंडळ पुरले नाही, कारण येथे निषेधाचा धनी एक राजा नव्हता. येथे प्रत्येक उंबरठा हे एक सिंहासन आहे, आणि ज्याच्या खाली आणखी कोणी आहे तो प्रत्येकजण त्यावर बसलेला आहे. टॅबू म्हणणाऱ्यांच्या नजरेतून नेमके हेच निसटते.

बाबासाहेबांनी हा भेद फार पूर्वी सांगून ठेवला आहे. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या ग्रंथाचा आरंभच त्यांनी हिंदूंच्या बाहेरील समाजांपासून केला आहे. आदिम व प्राचीन समाजांतही जन्म, मृत्यू, रजोदर्शन अशा प्रसंगी अशुद्धी मानली जात असे, हे ते आधी मान्य करतात. मग दाखवितात की ती अशुद्धी प्रसंगापुरती असे, तीवर शुद्धीचा उपाय असे, आणि जातीच्या जाती पिढ्यान्‌पिढ्या अशुद्ध ठरविण्याचा प्रकार त्यांत नव्हता. ‘अशुचि’ व ‘अस्पृश्य’ हे दोन निराळे वर्ग आहेत, हे त्या ग्रंथातील विवेचन वकिलाच्या नजरेने वाचावे. प्रतिपक्षाचा उत्तम मुद्दा आपणच प्रथम मांडावा व मग त्याच्याच आधाराने त्यास निरुत्तर करावे, असा तो युक्तिवाद आहे.

शास्त्रांनीही हा भेद पाळलेला आहे, तो अर्थात आपल्या सोयीने. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा, अळंबी द्विजांस अभक्ष्य सांगितली आहेत. कोणी खाल्लीच तर त्यासाठी प्रायश्चित्त आहे. उपास करावा आणि पुन्हा पंक्तीत यावे. दहाव्या अध्यायात चांडालाने गावाबाहेर राहावे, फुटकी भांडी वापरावी, प्रेतावरची वस्त्रे ल्यावी, रात्री गावात फिरू नये असे सांगितले आहे. तेथे मात्र प्रायश्चित्त नाही, कारण अपराधच नाही! कांदा खाणे हे कृत्य आहे आणि कृत्य धुऊन निघते. जन्म हे कृत्य नव्हे, ते धुणार कशाने? निषेध वस्तूवरून माणसावर सरकला की त्याची मुदत संपतच नाही.

मराठीत या अर्थाचे शब्द पुष्कळ आहेत व प्रत्येकाचे घर निराळे आहे. ‘वर्ज्य’ हा वैद्याचा आणि गवयाचा शब्द. मालकंसात पंचम वर्ज्य असतो, तेणेकरून पंचमाचा काही अपमान होत नाही, तो दुसऱ्या रागात मानाने बसतो. ‘बंदी’ सरकारची. दारूबंदीचा मुंबई प्रांताचा कायदा १९४९ सालचा, आणि त्यातही परवान्याची सोय आहेच. ‘निषिद्ध’ शास्त्राचा. ‘मनाई’ कचेरीचा, अरबी मुळाचा. ‘विटाळ’ घराचा आणि पाणवठ्याचा. चोखामेळ्याच्या व सोयराबाईच्या अभंगांत हा शब्द प्रश्न होऊन येतो. पंढरपूरने त्या प्रश्नास उत्तर दिले नाही.

यांतील ‘मनाई’ व ‘निषिद्ध’ या दोन शब्दांतील अंतर महाडच्याच इतिहासात दिसून येते. डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद भरावयाची होती. तत्पूर्वी १२ डिसेंबरास स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला व १४ तारखेस न्यायालयाने तळ्यावर जाण्यास मनाईहुकूम दिला. बाबासाहेबांनी परिषदेपुढे सर्व स्थिती ठेवली आणि तळ्यावरील सत्याग्रह तहकूब करण्यात आला. पण त्याच परिषदेत २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. कचेरीची मनाई मानली आणि शास्त्राचा निषेध जाळला, याचा अर्थ काय? मनाईहुकुमाला तारीख असते, कारणे असतात, तो उठविण्याचा अर्ज करता येतो. २३ फेब्रुवारी १९२८ रोजी तो हुकूम उठलाही. दावा १९३१ साली महाडास फेटाळला गेला, अपील १९३३ साली ठाण्यास, आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनी अनादिकालच्या वहिवाटीची सबब सिद्ध झाली नाही असे ठरवून तो कायमचा निकालात काढला. दहा वर्षे लागली खरी, पण वाट होती. मनूच्या निषेधावर अपील कोणत्या कोर्टात करावयाचे होते?

येथे आपल्या धम्मातील एका शब्दाचे स्मरण करणे अवश्य आहे. पंचशीलात ‘निषिद्ध’ हा शब्द नाही, ‘वेरमणी’ आहे. वेरमणी म्हणजे परावृत्त होणे. त्यापुढे शिक्षापद ग्रहण करण्याची भाषा आहे आणि ती उत्तमपुरुषी आहे. मी परावृत्त होण्याचा नियम स्वीकारतो, असे म्हणणारा स्वतः तो साधक आहे, वरून कोणी हुकूम सोडलेला नाही. मेलेली गुरे ओढणे व त्यांचे मांस खाणे सोडा, असे बाबासाहेबांनी महाडला सांगितले तेव्हा ते अन्न ‘टॅबू’ आहे असे त्यांनी सांगितले नव्हते. स्वाभिमानासाठी सोडा असे सांगितले होते. आमच्या आजोबांच्या पिढीने सोडले ते कोणाच्या भयाने सोडले नाही. आपल्याच घरांत कोणी नवी शिवाशीव पाळू लागले, पोटजातीचे अंतर राखू लागले, तर ‘वेरमणी’ म्हणणाऱ्या तोंडास ते शोभत नाही, हेही येथेच लिहून ठेवतो. काही वाचकांस राग येईल, येवो.

घटनेकडे वळतो. घटनासमितीत हे कलम २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मंजूर झाले. (मंजुरीच्या वेळी सभागृहात जयघोष झाला तो महात्मा गांधींच्या नावाचा, असे कामकाजाच्या वृत्तांतात आहे. असो.) ‘अस्पृश्यता’ या शब्दाची व्याख्या नाही, अशी तक्रार त्या दिवशी झाली. व्याख्या पुढेही झाली नाही. कलम १७ मध्ये तो शब्द अवतरणचिन्हांत आहे, आणि मराठी संहितेत अस्पृश्यतेचे कोणत्याही स्वरूपातील आचरण ‘निषिद्ध’ केल्याचे म्हटले आहे. वाचकहो, ज्या शब्दाने आपणांस गावकुसाबाहेर ठेवले तोच शब्द घटनेने उचलला आणि गावकुसाच्या आत नेऊन ठेवला. निषिद्ध माणूस आता नाही. निषिद्ध आहे ते आचरण, आणि ते करणारा अपराधी आहे.

त्या अवतरणचिन्हांचा अर्थ मैसूर उच्च न्यायालयाने देवराजय्या विरुद्ध पद्मण्णा या, १९५८ च्या निवाडापत्रात आलेल्या, प्रकरणात लावला. न स्पर्शिणे असा शब्दशः अर्थ येथे घ्यावयाचा नाही. साथीच्या रोगात, सोयरसुतकात जे तात्पुरते दूर राहणे घडते ते येथे अभिप्रेत नाही. या देशात इतिहासक्रमाने जी प्रथा वाढली ती अभिप्रेत आहे, असे त्या न्यायालयाने म्हटले. म्हणजे टॅबू बाहेर राहिला आणि विटाळ आत आला. माझ्या अपिलात मला याहून अधिक काय हवे!

तथापि प्रामाणिकपणे एक अडचण मांडली पाहिजे. मराठीत विटाळ शब्द स्त्रीच्या मासिक पाळीसही आहे. २८ सप्टेंबर २०१८ च्या शबरीमला निकालात न्या. चंद्रचूड यांनी पाळीच्या कारणाने स्त्रियांस दूर ठेवणे हेही कलम १७ च्या कक्षेत येते असे म्हटले. न्या. इंदू मल्होत्रा यांनी आपल्या भिन्नमतात तो अर्थ नाकारला, त्या कलमाचा इतिहास जातीचा आहे असे सांगितले. पुढे २०१९ साली पुनर्विचाराच्या वेळी धर्मस्वातंत्र्यासंबंधीचे व्यापक प्रश्न मोठ्या न्यायपीठाकडे सोपविण्यात आले. ‘कोणत्याही स्वरूपातील’ हे शब्द विस्तृत आहेत व शुद्धाशुद्धीची मुळे एकच आहेत, म्हणून मी न्या. चंद्रचूड यांच्या बाजूचा आहे. परंतु हा विस्तार करताना एक भान सुटू नये. स्त्रीच्या विटाळास पाचवा दिवस असतो. आमच्या विटाळास पाचवा दिवस नव्हता. आणि आमच्या स्त्रीने तर दोन्ही सोसले.

आता व्यवहाराची गोष्ट. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा १९७६ साली सुधारून नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. त्याच्या कलम १२ अन्वये, अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असा अपराध घडला तर तो अस्पृश्यतेच्या कारणानेच घडला असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे आहे, उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आहे. कलम ७ च्या स्पष्टीकरणानुसार इतिहासाच्या, तत्त्वज्ञानाच्या, धर्माच्या किंवा जातिपरंपरेच्या नावाने अस्पृश्यतेचे समर्थन करणे हेही तिला उत्तेजन देणेच होय. कायदेमंडळाने इतक्या काळजीने जी वाट बुजविली ती एका भाषांतरकाराने नकळत पुन्हा उघडावी, हे मला सहन होत नाही. ‘टॅबू’ हा शब्द कर्ता पुसून टाकतो, आणि फौजदारी कायद्यात कर्ता पुसला की खटलाच पुसला जातो.

म्हणून साक्षीस जाणाऱ्या आपल्या बांधवांस व भगिनींस सांगणे आहे की, ‘तशी पद्धत आहे’, ‘मनाई आहे’ असे मोघम बोलू नका. कोणी अडविले, काय म्हणून अडविले, कोणत्या शब्दांत अडविले ते सांगा. साक्ष लिहून झाल्यावर ती वाचून दाखविली जावी असा कायदा आहे. ती लक्षपूर्वक ऐका आणि आपला शब्द बदललेला दिसला तर तेथेच हरकत घ्या. वकील मित्रांस विनंती एवढीच की, इंग्रजी पेपरबुकावर विसंबू नये, मूळ मराठी साक्ष प्रत्येक वेळी काढून पाहावी.

आमच्या प्रकरणात भाषांतर दुरुस्त करण्याचा अर्ज मी दिलेला आहे. ‘विटाळ’ हा शब्द जसाच्या तसा ठेवावा, त्यापुढे स्पर्शाने भ्रष्ट होणे असा अर्थ इंग्रजीत द्यावा, आणि ‘आमचा’ व ‘धरत्यात’ हे दोन्ही शब्द गाळू नयेत, अशी त्यात मागणी आहे. अर्जाची प्रत त्या बाईंना वाचून दाखविली तेव्हा त्यांनी विचारले, ‘एवढ्या एका शब्दापायी वकीलसाहेब, इतके कागद?’ मी होय म्हणालो. अर्जावर अद्याप सुनावणी व्हावयाची आहे.